मीटर म्हणतोय मायनस 5, मग गनमधनं पाणी कसं?

प्रश्न : सर, शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, कॉम्प्रेसर 100 सीएफएमचा (मिनिटाला 100 घनफूट हवा), लाइन 7 बारला. हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरच्या डिस्प्लेवर कायम 3 डिग्री. तरी पावसाळ्यात सकाळी पहिल्यांदा एअर गन दाबली की पाण्याचा फवारा येतो, जॉबवर गंज धरतोय. म्हणून ड्यू पॉइंट मीटर (किती तापमानाला हवेतल्या ओलीचं दव धरतं ते दाखवणारा) आणून गनच्या तोंडाशी धरला, तर मायनस 5. एवढी कोरडी हवा असून पाणी कुठनं येतंय?
— एक वाचक, शिरोली

उत्तर : मीटर बरोबर आहे, पण तुम्ही मोजली ती मोकळ्यावर सोडलेली हवा. 7 बारची हवा (गेजवरचे 7 आणि बाहेरच्या हवेचा 1, मिळून 8) बाहेर आली की आठपट फुगते, त्यातली वाफ विरळ होते आणि ड्यू पॉइंट धाडकन खाली येतो. मोकळ्यावरचा मायनस 5 म्हणजे लाइनीत जवळजवळ 25 डिग्री. आता बघा, दुपारी शेडमध्ये 28-29 असतं तेव्हा काही दिसत नाही, पण रात्रभर पाऊस लागला, पाइप 22 पर्यंत गार पडला की आतल्या आत दव धरतं आणि तेच सकाळी जॉबवर येतं. ड्रायर खरंच 3 देत असता तर गनपाशी मायनस 21-22 दिसलं असतं.

मग डिस्प्लेवरचं 3 काय? बहुतेक रेफ्रिजरेशन ड्रायरवर ते आतल्या थंड भागाचं तापमान असतं, ओलावा तो मोजतच नाही. ऑटो ड्रेन (पाणी आपोआप बाहेर सोडणारा वॉल्व्ह) तुंबला आणि साठलेलं पाणी हवेबरोबर पुढं गेलं तरी आकडा 3च राहणार. म्हणून आधी ड्रायरच्या ड्रेनखाली बाटली लावा. पावसाळ्यात 30 डिग्री आणि 80 टक्के आर्द्रता धरली तर तुमचा कॉम्प्रेसर फुल लोडवर तासाला साधारण 4 लिटर पाणी ओढतो, त्यातलं 3 लिटर आफ्टरकूलर (कॉम्प्रेसरमधनं निघालेली गरम हवा गार करणारा) आणि टाकीत पडतं, उरलेलं लिटरभर ड्रायरनं काढायचं असतं. बाटली कोरडी राहिली तर ड्रेन खोलाच. आणि ड्रायरच्या कंडेन्सरवर (गरमी बाहेर टाकणाऱ्या जाळीवर) फाउंड्रीची धूळ बसलीय का तेही बघा, आपल्याकडं ती लई बसते.

मीटर परत लावाल तेव्हा ड्रायरच्या पुढं, पाइपच्या वरच्या अंगाला टी मारून सेन्सर प्रेशरमध्येच बसवा आणि पुढं थोडी हवा सुटती ठेवा, बंद टोकाला जुनीच ओल मोजली जाते. सँपलला तो निळा पीयू पाइप अजिबात नको, आत 7 बार असले तरी बाहेरची ओल त्यातनं आत झिरपते, स्टेनलेस नाहीतर टेफ्लॉन वापरा. अर्धा तास आकडा स्थिर होऊ द्या, घाई करू नका. सेन्सरवर पाण्याचा थेंब किंवा तेल गेलं तर त्याच्यावर भरवसा ठेवू नका, वर्षातनं एकदा कॅलिब्रेशन करा.

कुणी मायनस 40 ड्यू पॉइंटचा ड्रायर घ्या म्हणालं तर लगेच हो म्हणू नका, साध्या मशीन शॉपला प्रेशरखाली 3 डिग्री पुष्कळ झालं. बाटलीत तासाला किती जमलं ते मात्र नक्की कळवा.