वेगवेगळ्या रुग्णालयांतले कर्मचारी एकमेकांशी कसं जुळवून घेतात, याचा अभ्यास कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की प्रबंधासाठी पुण्यातली तीन रुग्णालयं निवडली आहेत आणि सिस्टर-डॉक्टरांना सहकार्याविषयी प्रश्नावली वाटणार आहात. माझं ऐका, प्रश्नावली तूर्त बाजूला ठेवा. मी टीबीच्या कामात वैद्यकीय समाजसेविका होते. असा एक गठ्ठा मीही भरून घेतला होता. जवळजवळ सगळ्यांनी 'सहकार्य चांगलं आहे' यावरच खूण केली होती.

त्यापेक्षा एक पेशंट धरा आणि त्याच्या कागदामागे चालत जा. पुण्यात तर हे करायलाच हवं. ससून राज्य सरकारचं, कमला नेहरू पुणे महापालिकेचं, वायसीएम (यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय) पिंपरी-चिंचवड महापालिकेचं. निदान शहरात झालं आणि घर पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरीला असलं, की पेशंटची महापालिकाच बदलते.

माझ्या एका पेशंटची निक्षय पोर्टलवर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, बदली झाली होती, पण नोंदवलेला फोन त्याच्या मुकादमाचा होता. इकडच्या सिस्टर म्हणाल्या, "आम्ही पाठवला." तिकडचे टीबीएचव्ही (टीबी हेल्थ व्हिजिटर) म्हणाले, "आमच्याकडे आलाच नाही." दोघंही खरं बोलत होते. सहा महिन्यांच्या उपचारात त्याचे ११ दिवस गोळ्यांविना गेले. एकाच घटनेबद्दल दोन्हीकडे स्वतंत्रपणे विचारलं, म्हणूनच हे उलगडलं. आजही मला त्याची रुखरुख वाटते.

१९९०च्या दशकात फिनलंडमधल्या हेलसिंकीत युर्यो एंगेस्ट्रॉम या संशोधकाच्या गटाने याच वाटेने काम केलं. दीर्घ आजार असलेली मुलं तिथे बालरुग्णालय आणि आरोग्य केंद्रांच्या मधे अडकत होती. त्यांचे उपचार कसकसे झाले याचं चित्रीकरण दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांना एकत्र बसवून दाखवलं. त्या बैठकांतून लेखी 'उपचार करार' पुढे आला: कोण काय करणार आणि कुणाला कळवणार.

नीतिमत्ता समितीची परवानगी बहुधा प्रत्येक संस्थेत वेगळी लागते, अर्ज आधीच टाका. मग ड्यूटी बदलताना सिस्टर ओव्हर देतात, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला पेशंटची माहिती सांगतात, तिथे उभ्या राहा. "बायको माहेरी गेलीय, तिकडचा नंबर घ्या" हे केस पेपरवर सापडणार नाही, तिथेच ऐकू येईल. कुणी कुणाला स्वतःच्या मोबाईलवरून फोन केला तेही टिपा, पेशंटचं नाव मात्र वहीत नको.

आणि वॉर्डातल्या मामांशी, म्हणजे वॉर्डबॉयशी, जरूर बोला. रेफर केलेल्या पेशंटसोबत गाडीत पुष्कळदा तेच बसतात. पलीकडच्या कॅज्युअल्टीत काय विचारलं गेलं, हे त्यांनी स्वतः ऐकलेलं असतं.