ख्रिस्ती विश्वासात ‘देवाशी शांती’ म्हणजे मन शांत होणं, असाच अर्थ आहे का?

नाही, मुळात तो मनाच्या अवस्थेचा नव्हे तर नात्याचा शब्द आहे: पापामुळे देव आणि माणूस यांच्यात आलेलं वैर मिटून समेट होणं. याचा मुख्य आधार बायबलमधल्या, येशूचा प्रेषित पौल याने लिहिलेल्या रोमकरांस पत्रात आहे (5:1, म्हणजे अध्याय 5, वचन 1). विश्वासाने नीतिमान ठरलेल्यांना येशू ख्रिस्ताद्वारे देवाशी शांती मिळाली आहे, असं तो तिथे म्हणतो. पुढे दहाव्या वचनात तर तो स्पष्टच सांगतो की आपण देवाचे शत्रू असतानाच त्याच्या पुत्राच्या मरणाने हा समेट झाला. म्हणजे पुढाकार देवाचा, आणि मला यातला सर्वात दिलासा देणारा भाग हाच वाटतो. पौलाचा ग्रीक शब्द ‘आयरेने’, पण त्यामागे हिब्रू ‘शालोम’चा अर्थ आहे: नुसतं भांडण थांबणं नव्हे, तर सगळं पुन्हा धड, पूर्ण होणं.

मनाला लाभणारी शांती वेगळी. तिला फिलिप्पैकरांस पत्रात (4:7) ‘देवाची शांती’ म्हटलंय. ती या समेटातून येते, पण कमीजास्त जाणवू शकते. एखाद्या दिवशी मन अस्वस्थ असलं म्हणून देवाशी नातं तुटलं असं समजू नका. रोमकरांस पत्रातही 5:1 नंतर दोनच वचनांनी संकटांचा विषय येतो.

मात्र हा समेट जीवनात कसा टिकतो याबद्दल पंथांत फरक आहे. प्रॉटेस्टंट परंपरा केवळ विश्वासावर भर देते, तर कॅथलिक शिकवणीनुसार बाप्तिस्म्यानंतर गंभीर पाप घडलं तर समेटासाठी पापनिवेदनाचा संस्कार (धर्मगुरूपुढे पाप कबूल करून क्षमा मिळवणं) हा नेहमीचा मार्ग आहे.