शिकागोहून दोन दिवसांत लिंकनचं घर आणि कबर पाहून होईल का?

तुम्ही लिहिलंय: मुलाकडे शिकागोला आलोय, दोन दिवस मोकळे आहेत, अब्राहम लिंकनच्या जागा पाहायच्या आहेत, बायकोचे गुडघे दुखतात, "कबर राहिली तरी चालेल, तिथे नुसतं काँक्रीट आहे म्हणतात."

दोन दिवस पुरतात. पण कबर गाळू नका. ते काँक्रीट तिथे का ओतावं लागलं हे ठाऊक असलेला माणूस "नुसतं" म्हणणार नाही.

1876 मध्ये लिंकनची शवपेटी जमिनीत नव्हती. इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड या त्याच्या गावी, ओक रिज दफनभूमीत जे स्मारक उभं राहिलं, त्यात ती जमिनीच्या वर, संगमरवरी पेटीत ठेवलेली होती आणि दाराला एक कुलूप. तेव्हा खोट्या नोटा छापणाऱ्या एका टोळीचा ठसे कोरणारा कारागीर, बेंजामिन बॉइड, तुरुंगात गेला होता आणि त्याच्यावाचून टोळीचा धंदा बसला होता. त्यांनी बेत केला की लिंकनचं शव पळवायचं, इंडियानातल्या वाळूच्या टेकड्यांत पुरायचं आणि त्याच्या बदल्यात बॉइडची सुटका व 2 लाख डॉलर मागायचे. दिवस धरला 7 नोव्हेंबर 1876 चा. अध्यक्षपदाची निवडणूक, सगळं गाव निकालात गुंतलेलं. रात्री त्यांनी कुलूप कापलं, संगमरवरी झाकण सरकवलं, शवपेटी थोडी बाहेरही ओढली. पण टोळीतला स्वेगल्स हा सीक्रेट सर्व्हिसचा, म्हणजे तेव्हा खोट्या नोटांचा माग काढणाऱ्या सरकारी खात्याचा, खबऱ्या होता. त्याने इशारा दिला, स्मारकातच लपलेली खात्याची माणसं बूट काढून दबकत निघाली आणि तेवढ्यात त्यांच्यातल्याच एकाच्या पिस्तुलाचा बार उडाला. चोर निसटले, पुढे शिकागोत पकडले गेले. शिक्षा झाली एक वर्षाची.

त्यानंतर स्मारकाच्या रखवालदाराने शवपेटी तळघरात लपवली. कित्येक वर्षं लोक वरच्या रिकाम्या पेटीपुढे डोकं झुकवून जात होते. शेवटी थोरला मुलगा रॉबर्ट याने विषय कायमचा संपवला. तो रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीचा वकील आणि नंतर अध्यक्ष होता. चिडलेले कामगार शवाची विटंबना करतील या धास्तीने मालक जॉर्ज पुलमनला 1897 मध्ये शिकागोत पोलाद आणि काँक्रीटखाली पुरलं होतं. रॉबर्टने वडिलांसाठी तीच पद्धत ठरवली. 26 सप्टेंबर 1901 ला शिशाच्या अस्तराला चेहऱ्यावर भोक पाडून 23 जणांनी ओळख पटवली, मग शवपेटी पोलादी पिंजऱ्यात ठेवून 10 फूट खाली उतरवली आणि वर काँक्रीट ओतलं.

म्हणून आत गेल्यावर समोर जो लालसर, काही टन वजनाचा दगड दिसतो, त्याच्या आत लिंकन नाही. तो त्या दगडाच्या मागे सुमारे 30 इंचांवर आणि 10 फूट खाली आहे. बरेच जण दगडाचा फोटो काढून वळतात. वळलात की समोरच्या भिंतीकडे नीट बघा: तिथे बायको मेरी आणि एडी, विली, टॅड ही तीन मुलं आहेत. रॉबर्ट वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन दफनभूमीत आहे. बाहेर लिंकनचं ब्राँझचं मोठं शिर आहे, त्याचं नाक हात लावून लावून चकाकतं. तिथे फोटोसाठी थांबणाऱ्यांतले फार थोडे उताराखालच्या जुन्या दगडी तळघराकडे जातात. 4 मे 1865 ला शव पहिल्यांदा ठेवलं ते तिथे.

आता घर. स्प्रिंगफिल्डमध्येच आठवा आणि जॅक्सन रस्ता मिळतात तिथे, लिंकनचं एकमेव स्वतःचं घर. त्याचं लग्न लावणाऱ्या पाद्र्याकडूनच 1844 मध्ये घेतलं. तेव्हा दीड मजली होतं, 1856 मध्ये पूर्ण दुमजली केलं. पहिल्या दिवशी सकाळी आधी इथेच या, कारण पाहणी रेंजरबरोबर (तिथला सरकारी मार्गदर्शक) ठरलेल्या वेळेलाच होते आणि तिकीट सातव्या रस्त्यावरच्या व्हिजिटर सेंटरवर, त्याच दिवशी मिळतं. सुट्टीच्या दिवशी उशिरा गेलात तर दुपारची वेळ हातात पडते आणि कबरीची वेळ हुकते. प्रवेशाला पैसे नाहीत, पार्किंगला आहेत. फुकट का, तर 1887 मध्ये रॉबर्टने घर राज्याला देताना ते नीट राखायचं आणि कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत अशी अट घातली. जिना चढताना कठड्याला हात लावा, लाकूड मूळचं आहे. वरचा मजला जिन्याशिवाय नाही, तेव्हा गुडघे अगदीच दुखत असतील तर बायकोने खालच्या दिवाणखान्यात जास्त वेळ थांबावं. मे 1860 मध्ये अध्यक्षपदाची उमेदवारी सांगायला पक्षाची माणसं आली ती याच खोलीत.

घर ते कबर अंतर दोन-अडीच मैल आहे, चालत जाऊ नका. शिकागोहून स्प्रिंगफिल्ड सुमारे 200 मैल, ॲमट्रॅकच्या रेल्वेने साडेतीन तासांच्या आसपास. स्टेशनपासून घर मैलभराच्या आत आहे, कबरीला टॅक्सी करा.

लिंकन तरुणपणी राहिला ते न्यू सेलम स्प्रिंगफिल्डपासून 20 मैलांवर आहे आणि गाडीशिवाय जमत नाही. तिथली बहुतेक घरं 1930 च्या दशकात पुन्हा बांधलेली आहेत, मूळची इमारत फक्त पिंपं बनवणाऱ्या ऑनस्टटची. केंटकी राज्यातल्या हॉजनव्हिलला, त्याच्या जन्मस्थळी, 56 पायऱ्या चढून जी झोपडी दिसते ती लिंकनची नाहीच, तिचं लाकूडच त्याच्या जन्मानंतरचं आहे. दोन दिवसांत तिकडे धावू नका.

"वॉशिंग्टन शहरातलं लिंकन मेमोरियल पाहिलं की लिंकन झाला" असं म्हणणाऱ्यांशी मी कायम भांडतो आणि इथेही भांडतो. 19 फुटी पुतळा भव्य आहे, वाद नाही, पण तो 1922 चा आहे आणि लिंकन तिथे कधी बसला नाही. त्याला गोळी घातली त्या वॉशिंग्टनच्या फोर्ड थिएटरसमोरच्या पीटरसन हाऊसमध्ये, जिथे तो 15 एप्रिल 1865 च्या सकाळी गेला, खोली खरी आहे पण पलंग नक्कल आहे. खरा पलंग तुमच्या मुलाच्या शहरात, शिकागो हिस्टरी म्युझियममध्ये आहे. सहा फूट चार इंचांचा माणूस त्यावर मावला नाही, म्हणून त्याला तिरका झोपवला होता. पलंगाजवळ उभं राहिलं की हे आपोआप कळतं, किती आखूड आहे तो. दुसरा दिवस यासाठी ठेवा. म्युझियमच्या मागे, लिंकन पार्कमध्ये सेंट-गॉडन्सने केलेला उभा लिंकन आहे, 1887 चा. मला तो वॉशिंग्टनच्या बसलेल्यापेक्षा जवळचा वाटतो.

दोन गोष्टी राहिल्या. घर दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असतं आणि कबरीचे दिवस-वेळा हिवाळ्यात बदलतात, त्यामुळे रेल्वेचं तिकीट काढण्याआधी दोन्हीकडे खात्री करा. म्युझियमलाही फोन करून पलंग सध्या मांडलेला आहे ना, हे विचारा.