डोळे मिटून उभं राहिलं की तोल जातो, पण भिंतीला नुसतं बोट टेकवलं की थांबतो. बोटात एवढं बळ येतं कुठून?

बळाचा काहीही संबंध नाही. आमच्या भाऊजींचाही हाच गैरसमज आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाबांना जुनी शुगर. तळपाय इतके बधिर की चप्पल निसटली तरी पत्ता लागत नाही. दिवसा वावरात बिनघोर फिरतात, पण न्हाणीत डोळे मिटून तोंडावर पाणी मारलं की भेलकांडतात. डोळे बंद, पायाकडून खबर नाही. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा एकटी किती पुरणार? भाऊजींनी यवतमाळहून चार पायांची काठी आणली. ती सध्या गोठ्यात असते, तिला वासराचं दावं अडकवलेलं.

पण रात्रीची लाईन असली की हेच बाबा, नको म्हटलं तरी, ओलिताला जातात. मागून नीट पाहिलं तेव्हा कळलं. धुऱ्यावरून चालताना डावा हात पऱ्हाटीच्या शेंड्यांवर असतो. धरत काहीच नाहीत, पानं फक्त बोटांखालून सरकत जातात. म्हणून मी खोलीच्या दारापासून न्हाणीपर्यंत कमरेच्या उंचीवर सुतळी ताणून बांधली. भाऊजी हसले, "सुतळीच्या भरवशावर माणूस उभा राहते का बाप्पा?"

राहते. 1994 साली अमेरिकेत जेका आणि लॅकनर यांनी हे मोजून दाखवलंय. एका पायापुढे दुसरा पाय ठेवून उभ्या केलेल्या लोकांचं डुलणं बोट टेकवताच कमी झालं, आणि बोटाचा दाब 100 ग्रॅमसुद्धा नव्हता. एवढ्यानं अंग पेलत नाही. अंग झुकलं की टेकलेल्या बोटाची कातडी किंचित ताणली जाते, हात कुठे आहे हे स्नायू सांगतच असतात. त्या दोन्हींवरून मेंदू ओळखतो की आपण कुठल्या बाजूला कललो, आणि पडण्याआधीच सावरतो. कातडीवर मेंदूचा इतका विश्वास, की डोळे मिटलेल्या माणसाच्या हाताच्या मागची कातडी ठरावीक तऱ्हेनं ताणली, तर बोट जागेवर असूनही हलल्यासारखं वाटतं.

हां, तोल गेलेल्या माणसाला सुतळी वाचवत नाही, त्यासाठी भिंतीत पक्का दांडा हवाच. हाताची बोटंही बधिर असतील तर हे चालणार नाही. थोडं डुलणं सगळ्यांनाच होतं, पण तुमचं नव्यानं सुरू झालं असेल तर शुगर आणि बी-12 तपासून घ्या.

दांडा मी या महिन्यात ठोकतोय. काठी भाऊजींनी दिवाळीला आल्यावर परत न्यावी.