शंका-समाधान : प्रभार दुप्पट केला, तर क्षेत्र निम्मं का होत नाही?

प्रश्न : विद्युत क्षेत्राची तीव्रता म्हणजे बल भागिले प्रभार, अशी व्याख्या पुस्तकात आहे. मग तिथे ठेवलेला प्रभार दुप्पट केला की तीव्रता निम्मी व्हायला हवी. पण ती या प्रभारावर अवलंबून नसते, असं पुढच्याच पानावर लिहिलंय. खरं काय मानायचं?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : दोन्ही खरं. तू छेद दुप्पट केलास आणि अंश होता तसाच ठेवलास, गोची तिथे झाली आहे.

आकडे घालूनच बघू. हवेत १ मायक्रोकूलोमचा बिंदुप्रभार आहे आणि त्याच्यापासून १ मीटरवर तू १ नॅनोकूलोमचा परीक्षण प्रभार ठेवलास. त्यावर ९ मायक्रोन्यूटन बल येईल. २ नॅनोकूलोम ठेवलास तर १८. आता भाग दे. दोन्ही वेळा उत्तर एकच, कूलोममागे ९,००० न्यूटन. काहीच ठेवलं नाहीस तरी त्या जागी क्षेत्र तेवढंच असतं. व्याख्येतला भागाकार ही मोजायची रीत आहे. क्षेत्र निर्माण करतो तो पलीकडचा मायक्रोकूलोम.

मग परीक्षण प्रभार 'अतिसूक्ष्म' घ्या, असं का सांगतात? (हे कारण वर्गात बहुतेक वेळा घाईघाईत उरकलं जातं.) मूळ प्रभार प्रत्यक्षात एखाद्या धातूच्या गोळ्यावर असतो. जवळ मोठा प्रभार आणला की गोळ्यावरचा प्रभार सरकतो, आणि जे मोजायचं तेच बदलून बसतं. मूळ प्रभार जागेवरून हलणारच नसेल, तर परीक्षण प्रभार कितीही मोठा घे.

तीव्रता ठरते ती मूळ प्रभार किती, आपण किती दूर आणि मध्ये माध्यम कोणतं यावर. प्रभार दुप्पट, तर तीव्रता दुप्पट. तो धन की ऋण यावर फक्त दिशा ठरते. माध्यमाचा परिणामही लहान नाही. पाण्यात तीव्रता सुमारे ऐंशी पटींनी उतरते.

पण खरी गंमत अंतराची. कूलोमने १७८५ मध्ये पीळ-तराजू वापरून दाखवलेला वर्गव्यस्ताचा नियम इथे लागतो. अंतर दुप्पट केलं की तीव्रता चौथाई. उलट आपल्याच उदाहरणात १० सेंटिमीटरवर आलीस की ९,००० चे थेट ९ लाख होतात. १ सेंटिमीटरवर नऊ कोटी! गणितात बेलाशक तसं लिही, गुण मिळतील. प्रयोगशाळेत मात्र तिथवर पोचता येणार नाही, कारण साधारण ३० लाखांला हवाच दगा देते आणि ठिणगी पडते. म्हणून हवेत १ मायक्रोकूलोम टिकवायचा तर गोळ्याची त्रिज्या निदान साडेपाच सेंटिमीटर हवी.