पिकअपच्या केबिनमध्ये पाणी: वाचकांचे प्रश्न

भांडुप: पिकअप 16 वर्षांचा आहे. मोठी सर आली की ड्रायव्हरच्या पायाखाली पाणी साचतं. पुढच्या काचेभोवती दोनदा सिलिकॉन मारून घेतलं, फरक शून्य. काच बदलू का?

काचेला हात लावू नका, आणि तिसऱ्यांदा सिलिकॉन तर नकोच. आधी पाणी कुठून शिरतं ते बघा. वर कुठेही शिरलं तरी ते पत्र्याच्या आतल्या कडेने उतरतं आणि सगळ्यात खोल जागी, म्हणजे पायाशी, जमतं.

मॅट काढा, खालचा नमदा (लोकरीसारखा जाड थर) उचला, डॅशबोर्डखालचं कव्हर खोला. पत्रा कोरडा पुसून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा. एक जण टॉर्च घेऊन आत, दुसरा पाईप घेऊन बाहेर. पाईपला नोझल नको, बोटाने धारही दाबायची नाही. पाणी नुसतं वाहू द्या. सुरुवात खालून करायची: वायपरखालची जाळी, दाराचा खालचा भाग, काचेचे खालचे कोपरे, काचेच्या बाजू, वरची कड आणि शेवटी टपाची पन्हळ. प्रत्येक जागी 5 मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर सगळंच भिजतं आणि कळत काहीच नाही. सोसायटीत पाईप लावू देत नसतील (सेक्रेटरींचं लक्ष याच वेळी असतं) तर झाकणाला भोकं पाडलेली लिटरची बाटली आणि दोन-तीन बादल्या पाणी यात काम होतं. वेळ तेवढा जास्त लागतो.

पावडरीत ओघळ उमटला की त्याच्या वरच्या टोकाकडे जा. उजव्या बाजूला संशयित तीन: काचेच्या रबराचा खालचा कोपरा, इंजिनकडून वायरी आत येतात तिथलं गोल रबर, आणि स्टिअरिंगचा दांडा आत येतो तिथलं बूट. शेवटची दोन स्वस्तात बदलून मिळतात.

रबराच्या कोपऱ्यातूनच येत असेल तर वरून फासलेलं सिलिकॉन कामाचं नाही. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि उघडा पत्रा गंजवतं. शिवाय त्याचा थर राहिलेल्या जागी पुढे रंगही धरत नाही. ते आधी पूर्ण खरवडून काढा.

रबर कडक होऊन चिरा पडल्या असतील तर नवीन घ्या. काच उतरवल्यावर चौकटीत बहुधा गंज सापडेल. तो पत्रा चकाकेपर्यंत घासा, इपॉक्सी प्रायमर आणि रंग मारा, नीट वाळू द्या. घाई इथेच नडते, कारण कारागिराला संध्याकाळपर्यंत गाडी सोडायची असते. मग काचेवर रबर चढवा, त्याच्या चौकटीकडच्या खाचेत 4 मिमीची नायलॉन दोरी फिरवा आणि दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून 15 सेमी पुढे येऊ द्या. साबणाचं पाणी लावून एकाने बाहेरून तळव्यांनी काच दाबायची, दुसऱ्याने आतून दोरी ओढायची. रबराचा ओठ चौकटीवर चढत जातो. शेवटी कडक न होणारं काचेचं सीलंट दोन्ही फटींत भरा, रबर-काच आणि रबर-पत्रा. एकीतच भरलं तर पाणी दुसरीतून येतं.

वाशी मार्केट: पाऊस नसताना, मे महिन्यातच क्लीनरच्या बाजूचा मॅट ओला होतो.

एसी चालवता ना? मग हे कूलिंग कॉइलचं पाणी. ते बाहेर सोडणारी नळी केबिनखाली उघडते आणि धूळ-शेवाळाने बुजते. मुंबईच्या दमट हवेत 15-20 मिनिटं एसी चालवूनही गाडीखाली थेंब पडत नसेल तर नळी बंदच समजा. खालून मऊ नायलॉनची तार घालून हलक्या हाताने मोकळी करा. कंप्रेसरची हवा जोरात मारू नका, आतल्या बाजूला नळी निसटते. पाणी चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचं असेल, आतून काचेवर तेलकट वाफ धरत असेल, तर मात्र ते हीटरमधून गळणारं कूलंट आहे.

आणि हाच मॅट जुलैतही भिजला तर वायपरखालची जाळी उचला. गुलमोहराची बारीक पानं तिथून आत पडून खालच्या नाल्या बुजवतात आणि तुंबलेलं पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत येतं. जाळीत बादलीभर पाणी हळूहळू ओता. ते लगेच खाली जमिनीवर पडलं पाहिजे.

कुर्ला: काच वर-खाली करायचं मशीन बदललं, तेव्हापासून दाराच्या उंबऱ्यावर पाणी.

दारात पाणी शिरणारच, ते काचेच्या बाहेरच्या रबराजवळून आत येतं आणि तळाच्या भोकांतून निघून जातं. आतल्या पॅडमागे एक प्लास्टिक असतं, ते पाण्याला केबिनकडे येऊ देत नाही. मशीन बदलताना ते फाडून फेकलेलं असणार. जाड प्लास्टिक दाराच्या मापाने कापा, ब्युटाइल टेपने (मऊच राहणारी चिकट रबरी पट्टी) कडेकडेने चिकटवा आणि खालची कड दाराच्या पोकळीत खोचा. ती बाहेर राहिली तर सगळी मेहनत वाया. तळाची भोकंही तारेने साफ करा.

दाराच्या रबराची परीक्षा वर्तमानपत्राच्या पट्टीने होते. पट्टी दारात धरून बंद करा आणि ओढा. सहज निघाली तर रबर चपटं झालंय किंवा दार लोंबतंय. उघडं दार टोकाला धरून वर उचला. खेळ जाणवला तर आधी बिजागरी. नाहीतर चौकटीवरचा स्ट्रायकर (दाराचं लॉक ज्यात अडकतं तो) 1-2 मिमी आत घ्या. नवीन रबर लावताना ताणू नका, आणि जोड खाली उंबऱ्याशी आणा.

ससून डॉक: मासळीची गाडी आहे. फरशीचा पत्रा सडलाय. वरून दुसरा पत्रा रिव्हेट करून डांबर मारू का?

नको. दोन पत्र्यांमध्ये खारं पाणी अडकेल आणि नवाही सडेल. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचत चांगला पत्रा लागेपर्यंत जा, तिथपर्यंत कापा, 20 गेजचा तुकडा वेल्ड करून घ्या. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, नमदा-फोम बाहेर घ्या, खालून जाणारे ब्रेक आणि डिझेलचे पाईप बघून घ्या. प्रायमरनंतर जोडावर वरून-खालून पीयू (पॉलियुरेथेन) सीम सीलर, म्हणजे जोड बुजवणारी लवचिक पेस्ट, मग खालून अंडरबॉडी कोटिंग. फरशीची रबरी बुचं परत बसवायला विसरू नका. जून ते सप्टेंबर नमदा घालूच नका, नुसता रबरी मॅट ठेवा. ओला नमदा त्या हवेत वाळत नाही. आणि रोज फरशी गोड्या पाण्याने धुवा.

मुलुंड: टपावर कॅरिअर बसवल्यापासून आतल्या दिव्यातून थेंब पडतात.

बोल्ट काढा, भोकांच्या कडांना प्रायमर लावा, वॉशरखाली ब्युटाइलची गोळी ठेवून परत आवळा. तरीही थेंब आले तर पन्हळीतलं सीम सीलर तडकलंय. ते खरवडून पीयू सीलर भरा. तिथे एमसील लावण्याची सवय आहे, पण चालत्या गाडीचा पत्रा सतत हलतो आणि कडक पुट्टीला केसासारख्या भेगा जातात.

मीरा रोड: उभ्या गाडीत थेंब नाही, साचलेल्या पाण्यातून चालवली की आत पाणी.

हे चाकाने खालून मारलेलं पाणी. रात्री गाडी अंधारात उभी करून चाकाच्या कमानीत आणि फरशीखाली प्रखर बॅटरी मारा, दुसऱ्याने आतून बघायचं. उजेडाचा ठिपका दिसेल तिथे बूच गळालेलं असेल किंवा जोड उघडलेला.