साधी डोकेदुखी समजण्यापूर्वी

चिरंजीव डॉक्टर,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सांगलीच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचाराच्या केंद्रात, रुजू झालीस, हे वाचून फार आनंद झाला. क्षयरोगाची तपासणी तुम्ही सगळेच कटाक्षाने करता. मी एचआयव्हीच्या रुग्णांतील बुरशीजन्य संसर्गाविषयी लिहितो, कारण तो नजरेतून सहज निसटतो.

‘तोंड आलंय’ एवढेच रुग्ण सांगेल. तू बॅटरी घेऊन टाळू आणि गालांची आतली बाजू पाहा. दह्यासारखा पांढरा थर खरवडल्यावर निघून खाली लाली दिसली, तर कॅन्डिडा या बुरशीची शंका घे आणि भाकरीचा घास गिळताना छातीत दुखते का, हे विचार. दुखत असेल, तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते; तिथे तोंडात लावायचे औषध पुरत नाही, फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध पोटातूनच द्यावे लागते.

याहून मोठी काळजी डोकेदुखीची. जतकडचा एक ऊसतोड मजूर दोन आठवडे डोके ठणकते म्हणून आला होता. मी वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि त्याच आठवड्यात एआरटी सुरू केली. दहा दिवसांनी त्याला बेशुद्धावस्थेत आणले. क्रिप्टोकॉकस या बुरशीमुळे होणारा क्रिप्टोकॉकल मेंदुज्वर होता आणि तो वाचला नाही. ती चूक माझी होती.

म्हणून सीडी-४, म्हणजे रक्तातील प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या, २०० च्या खाली असेल, तर लक्षणे नसली तरी रक्तातील क्रिप्टोकॉकल अँटिजेन (या बुरशीचा अंश) तपास. पट्टीवर दहा मिनिटांत निकाल मिळतो आणि हे अँटिजेन डोके दुखू लागण्याच्या कित्येक आठवडे आधी रक्तात सापडू शकते. ते सापडले, तर आधी पाठीच्या मणक्यातले पाणी तपास. मेंदुज्वर ठरला, तर एआरटी चार ते सहा आठवडे लांबव, कारण प्रतिकारशक्ती एकाएकी जागी झाली की कवटीतली सूज जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लायपोसोमल अँफोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाचा वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस, सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोल, असे उपचार सुचवले आहेत. पण औषधाइतकाच कवटीतला दाब महत्त्वाचा असतो. पाणी काढल्यावर, डोके गच्च धरून बसलेला रुग्ण थोड्याच वेळात उशीला टेकून बोलू लागलेला मी पाहिला आहे, आणि दाब वाढला की ते पुन्हा पुन्हा काढावे लागते.

‘मणक्यातलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो,’ असे नातेवाईक म्हणतील. त्यांच्यावर चिडू नकोस. शेजारी बसून समजाव. मात्र रुग्णाला एचआयव्ही आहे हे घरच्यांना ठाऊक नसेल, तर फक्त मेंदूवरच्या दाबाविषयी बोल. बाकीचे सांगायचे की नाही, हे तो शुद्धीवर आल्यावर ठरवेल.

तुझा,
सर